ग्रंथलेखनात यंत्राचे साहाय्य : प्रकरणे एकमेकांशी जुळावीत कशी?

आत्मचरित्र, गावाचा इतिहास, घराण्याची हकिकत किंवा आयुष्यभर केलेल्या व्यवसायातील अनुभव ग्रंथरूपाने मागे ठेवावेत अशी इच्छा बाळगून जे वाचक चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लेखनसाहाय्यकांकडे वळले आहेत, त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पहिले प्रकरण मनासारखे उतरते, दुसरेही बरे साधते. परंतु पाचव्या-सहाव्या प्रकरणापाशी येईतो धाकट्या आत्याचे सासर बदललेले असते, वडिलांना आरंभी ‘ते’ म्हणणारा निवेदक त्यांना ‘तो’ म्हणू लागलेला असतो, भाषा कोठे वर्तमानपत्री तर कोठे व्याख्यानी झालेली असते, आणि हे सारे एकाच हाताने लिहिले आहे असे वाटेनासे होते. यात चूक कोणाची, आणि ती टाळावी कशी?

उत्तर थोडक्यात असे आहे की, प्रकरणाप्रकरणांतील सुसंगती आपण स्वतः कागदावर लिहून ठेवावयाची असते, प्रत्येक बैठकीच्या आरंभी यंत्रापुढे मांडावयाची असते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस तिची रुजुवात घ्यावयाची असते. ती यंत्राकडून आपोआप मिळेल अशी अपेक्षा धरली की वरील सर्व घोटाळे क्रमाक्रमाने उद्भवतात. पुढील विवेचन सुबोध व्हावे म्हणून लातूर परिसरातील एका गृहस्थांनी आपल्या बालपणाच्या व नोकरीच्या आठवणी लिहावयास घेतल्या आहेत, असे एक उदाहरण कल्पून चालू.

यंत्र विसरते कसे?

यासाठी शास्त्रात शिरण्याचे कारण नाही. निर्णयापुरत्या तीन गोष्टी ध्यानात असल्या म्हणजे पुरे. पहिली अशी की, एका संभाषणात यंत्र जेवढा मजकूर एकाच वेळी दृष्टीसमोर ठेवू शकते त्याला मर्यादा असते, आणि मजकूर मोजण्याची त्याची रीत अशी आहे की एकाच आशयाचा देवनागरी मजकूर इंग्रजी मजकुरापेक्षा पुष्कळदा अधिक जागा अडवितो. म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याला जो पल्ला मिळतो तो मराठी लेखकाने गृहीत धरू नये. शिवाय फार लांबलेल्या संभाषणात आरंभीचे व शेवटचे जितके नीट ध्यानात घेतले जाते तितके मधले घेतले जात नाही. दुसरी गोष्ट, नवे संभाषण उघडले की पाटी बहुधा कोरी असते. काही सेवांत ‘मेमरी’ किंवा ‘प्रोजेक्ट’ या नावाची सोय आहे, आणि कागदपत्रे एके ठिकाणी ठेवण्यासाठी ती अवश्य वापरावी. परंतु मेमरीत बहुधा आपल्याविषयीची त्रोटक माहिती राहते, आपल्या पुस्तकाचा तोल राहत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जी माहिती समोर नाही ती यंत्र सहसा विचारीत नाही, तर तिच्या जागी संभवनीय वाटणारी माहिती निःशंकपणे घालते, आणि ती इतक्या सफाईने घालते की मजकूर ज्याच्या आयुष्याचा आहे त्यालाही ती चटकन खटकत नाही.

कोणते काम यंत्रावर सोपवावे?

मसुदा सुरू करण्यापूर्वी हा निर्णय करावा, आणि एकदा केल्यावर संपूर्ण पुस्तकभर तो पाळावा. कारण एक प्रकरण स्वतः लिहिलेले, दुसरे यंत्राने लिहिलेले आणि तिसरे अर्धे-अर्धे, अशी सरमिसळ झाली की पुढे कितीही संस्करण केले तरी तिचे सांधे उघडे पडतात. मार्ग तीन आहेत :

- लेखनिक म्हणून. आपण बोलून किंवा ओबडधोबड टिपणे करून आठवण सांगावयाची. यंत्राने ती क्रमवार लावून, पुनरुक्ती काढून तिचा स्वच्छ मसुदा करावयाचा. पदरचे काही घालावयाचे नाही.
- मसुदाकार म्हणून. आपण केवळ मुद्दे द्यावयाचे आणि परिच्छेद यंत्राने रचावयाचे.
- तपासनीस म्हणून. प्रकरण आपण संपूर्ण लिहावयाचे. यंत्राने विसंगती, पुनरुक्ती आणि सुटलेले दुवे दाखवावयाचे.

आठवणी, आत्मचरित्र व ललित लेखन यांसाठी पहिला आणि तिसरा मार्गच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा मार्ग शेतीची पद्धत, कायद्याची कार्यवाही, एखाद्या यंत्रसामग्रीचे वर्णन अशा माहितीपर भागापुरता चालू शकेल. परंतु आपल्या आईचा मृत्यू चार मुद्द्यांवरून यंत्राकडून रचून घेतला, तर त्या परिच्छेदात जगातील कोणाचीही आई असू शकेल, आणि वाचकाला ते पहिल्या ओळीतच जाणवेल.

पुस्तकाचे दप्तर

सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे सांगावयास नको की, प्रकरण कितीही लहान असले तरी त्याचे दप्तर नीट असल्याखेरीज ते पुढे सरकत नाही. पुस्तकाचेही असे एक दप्तर सिद्ध करावे. ते एका स्वतंत्र फाइलीत, वाढता गोषवारा सोडून चार ते पाच पृष्ठांत मावेल इतके आटोपशीर असावे. त्याहून लांबले तर त्यातील बारकाव्यांकडे यंत्राचे दुर्लक्ष होऊ लागते. त्यात पुढील कागद असावेत :

1. उद्देशपत्र. कोण लिहीत आहे, कोणासाठी लिहीत आहे, पुस्तक कोठून कोठपर्यंत जाते आणि त्यात काय येणार नाही, हे अर्ध्या पृष्ठात. ‘काय येणार नाही’ हा भाग बहुतेक जण गाळतात. परंतु भाऊबंदकीचा तंटा लिहावयाचा नाही असे आपण ठरविले असेल, तर ते यंत्राला आधी सांगितले पाहिजे, अन्यथा जमिनीचा नुसता उल्लेख येताच ते तंटा सुचवू लागेल.
2. व्यक्तींची व स्थळांची यादी.
3. कालपट.
4. लेखनसंकेत.
5. नमुना-उतारा.
6. प्रकरणांचा गोषवारा, जो प्रत्येक प्रकरणानंतर वाढत जाईल.

व्यक्तींच्या यादीतील नोंद नुसत्या नावाची असून भागत नाही. एक कल्पित नोंद पाहा : ‘धोंडूआत्या. वडिलांची धाकटी बहीण. लग्न १९५८, सासर औसा. निवेदक तिला एकेरी संबोधतो. वडील तिला “धोंडे” अशी हाक मारतात. उजव्या डोळ्याने कमी दिसते. प्रथम उल्लेख प्रकरण २. प्रकरण ७ मध्ये मृत्यू. त्यानंतर केवळ आठवणीत.’ एवढी नोंद असली म्हणजे नवव्या प्रकरणातील लग्नसमारंभात धोंडूआत्या अक्षता टाकताना दिसत नाही.

कालपटात चार रकाने असावेत : वर्ष, घरातील घटना, गावातील घटना आणि बाहेरच्या जगातील घटना. लातूरच्या आपल्या गृहस्थांच्या कालपटात शेवटच्या रकान्यात येणाऱ्या काही नोंदी अशा : १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९७२ चा दुष्काळ, १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप. हा रकाना अनावश्यक पाल्हाळ वाटण्याचा संभव आहे. परंतु तो नसेल तर १९६५ सालच्या प्रसंगात यंत्र ‘लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला’ असे बिनदिक्कत लिहून जाईल, १९५० च्या बाजारात नव्या पैशांचा हिशेब होईल, आणि बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका ‘मनरेगाच्या’ कामावर जातील, ज्या योजनेचा कायदा २००५ साली झाला. जिल्ह्यांची व शहरांची नावे बदललेली असल्यामुळे उस्मानाबाद लिहावयाचे की धाराशिव, औरंगाबाद लिहावयाचे की छत्रपती संभाजीनगर, याचाही एकच नियम ठरवून येथे नोंदवावा. प्रसंग ज्या काळचा त्या काळचे नाव, आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी आजच्या नावाचा खुलासा, हा शिरस्ता मला सर्वांत सोयीचा वाटतो.

नमुना-उताऱ्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ‘साधी, सोपी, ओघवती भाषा वापर’ अशी सूचना पुष्कळ जण देतात आणि ती निरुपयोगी ठरते; कारण ओघवती या विशेषणाचा अर्थ यंत्र आपल्या परीने लावते, आणि तो आपला नसतो. त्याऐवजी यंत्राचा स्पर्शही न झालेला, आपल्या हातचा, सुमारे पाचशे शब्दांचा एक उतारा दप्तरात ठेवावा : जुने पत्र, रोजनिशीतील पाने, कार्यालयीन निरोपसमारंभात केलेले भाषण, काहीही चालेल. वाक्यांची लांबी, आवडते शब्द, बोलण्याची लकब हे सारे विशेषणांपेक्षा उताऱ्यावरून अधिक बिनचूक घेतले जाते.

एका प्रकरणाची कार्यपद्धती

1. प्रत्येक प्रकरणासाठी नवे संभाषण उघडावे. आरंभी संपूर्ण दप्तर, मग मागील प्रकरणाचे शेवटचे पृष्ठ, आणि शेवटी प्रस्तुत प्रकरणाचा आराखडा, अशा क्रमाने मजकूर द्यावा.
2. आधी प्रश्न विचारावयास लावावे. सूचना अशी असावी : ‘मसुदा करण्यापूर्वी जे कळले नाही ते विचार. तर्काने काही भरू नकोस. माहिती नसेल तेथे चौकटी कंसात “माहिती हवी” असे लिही.’ एवढ्या एका सूचनेने पुष्कळ घोटाळे टळतात.
3. प्रकरण तुकड्यांनी लिहावे. संपूर्ण प्रकरण एका दमात मागितल्यास आरंभ सविस्तर आणि शेवट घाईचा होतो. सहाशे ते आठशे शब्दांचा एक प्रसंग हा मापाचा तुकडा होय.
4. दुरुस्ती आपल्या फाइलीत करावी आणि दुरुस्त मजकूर यंत्राला परत द्यावा. हा टप्पा फार थोडे लोक पाळतात. आपण वर्डमध्ये दुरुस्ती करून पुढे गेलो, परंतु यंत्रासमोर त्याचाच जुना मसुदा राहिला, तर पुढील तुकडा ते त्या जुन्या मसुद्याला जोडून लिहिते, आणि खोडलेली वाक्ये दुसऱ्या रूपाने परत येतात.
5. तपासणीच्या वेळी मजकूर पुन्हा लिहून मागू नये. ‘हे प्रकरण सुधारून दे’ असे म्हटले की यंत्र चार चुका सुधारताना चाळीस निर्दोष वाक्येही हलविते, आणि ते कळवीत नाही. त्याऐवजी तीन रकान्यांचा तक्ता मागावा : मूळ वाक्य, सुचविलेला बदल, कारण. त्यांतील पटतील ते बदल आपल्या हाताने करावेत. नकळत संपूर्ण प्रकरण फेरलिखित झालेच असेल, तर वर्डमधील दोन प्रतींची तुलना करण्याची सोय वापरून प्रत्येक फेरफार डोळ्यांखालून घालावा.
6. रुजुवात स्वतंत्र संभाषणात घ्यावी. ज्या संभाषणात मसुदा झाला तेथे ‘कसे झाले?’ असे विचारल्यास स्तुतीच पदरी पडते. नवे संभाषण उघडून, केवळ दप्तर व प्रकरण देऊन, ‘या दोहोंत नाव, नाते, वय, तारीख, स्थळ, संबोधन यांत जेथे विरोध आहे ती स्थळे दाखव’ एवढेच मागावे.
7. दप्तर अद्ययावत करावे. दहा-बारा ओळींचा गोषवारा, नव्या व्यक्तींच्या नोंदी, आणि वाचकाला दिलेली आश्वासने, म्हणजे ‘त्याविषयी पुढे सांगेन’ असे जेथे म्हटले असेल ती स्थळे, त्याच दिवशी नोंदवावीत.

या गोषवाऱ्यात आणखी एक गोष्ट अवश्य लिहावी, ती म्हणजे प्रकरणाचा शेवट कसा झाला. यंत्राला स्वेच्छेने शेवट करू दिला तर प्रत्येक प्रकरण एखाद्या सुविचाराने, मावळत्या सूर्याने किंवा ‘त्या दिवशी मला उमगले की’ या पद्धतीच्या वाक्याने संपते. एका प्रकरणात हे खपून जाते, बारा प्रकरणांत असह्य होते. मागील सर्व शेवट समोर असले म्हणजे ही एकसुरी रीत लगेच दिसते. तीच गोष्ट आवडत्या शब्दप्रयोगांची. ‘केवळ अमुक नव्हे, तर तमुक’ ही रचना, ‘एक नवी उमेद’, ‘अविस्मरणीय अनुभव’, ‘जीवनाचा अविभाज्य भाग’ अशा सरधोपट पदांची एक वर्ज्य यादी लेखनसंकेतांत ठेवावी आणि ती वाढवीत जावे.

सर्व प्रकरणे पुरी झाल्यावर मात्र यंत्र बाजूला ठेवून, छापील प्रत घेऊन, पहिल्या पृष्ठापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावे. घरातील कोणी ऐकावयास बसेल तर उत्तमच. आवाजातील फरक कानाला जसा कळतो तसा तो अन्य कोणत्याही उपायाने कळत नाही.

मराठीत लिहिताना विशेष सावधगिरी

इंग्रजीत उपलब्ध असलेली बहुतेक मार्गदर्शनपर पुस्तके या बाबतीत मुकी आहेत, म्हणून हा भाग विस्ताराने लिहीत आहे. या यंत्रांनी मराठीच्या मानाने इंग्रजी व हिंदी मजकूर कितीतरी अधिक वाचलेला असल्याने त्यांच्या मराठीखाली त्या भाषांची घडण वावरत असते. एक नमुना पाहा : ‘१९७२ चा दुष्काळ हा केवळ एक नैसर्गिक आपत्ती नव्हता, तर तो आमच्या गावाच्या जीवनातील एक महत्त्वपूर्ण वळण होते.’ यात दुष्काळ, आपत्ती आणि वळण या तीन लिंगांची फरपट तर झालीच आहे, शिवाय ‘एक’ हा शब्द दोनदा निष्कारण आला आहे, आणि एवढे सांगूनही दुष्काळाचे काहीच सांगितलेले नाही. ज्याने तो काळ पाहिला आहे तो लिहील : ‘बहात्तर साली विहिरीला तळ दिसू लागला आणि आई मिलोच्या तांबड्या भाकरी थापू लागली; शाळेत मिळणारी सुकडी आम्ही भावंडे खिशात घालून घरी आणीत असू.’ असे वाक्य आपल्याजवळ असताना पहिले वाक्य पुस्तकात राहू देण्याचे कारण नाही.

लेखनसंकेतांत पुढील बाबींचा निर्णय एकदाच करून ठेवावा :

- आदरार्थ. वडील व आजोबा ‘ते’, आई व आजी ‘ती’ हा आपल्याकडचा सर्वसाधारण शिरस्ता. आपल्या घरची रीत निराळी असेल तर तसे लिहावे. गुरुजी, तलाठी, सावकार, सालगडी यांपैकी कोणाचा उल्लेख कसा, हेही ठरवावे. यंत्राकडून हा भेद सर्वांत आधी ढळतो.
- ‘आम्ही’ की ‘आपण’. ‘आम्ही’त वाचक नाही आणि ‘आपण’त तो आहे. इंग्रजीत हा भेद नसल्याने यंत्र दोन्ही मिसळते आणि वाचकाला नकळत लेखकाच्या घरात आणून बसविते.
- ‘केले’ की ‘केलं’. निवेदनात ‘केले’, संवादात ‘केलं’, किंवा दोन्हीकडे एकच. परंतु पुस्तकभर एकच नियम.
- बोली. संवाद शक्यतो स्वतः लिहावेत. यंत्राला ग्रामीण बोली विचारली तर ते सातारा, लातूर आणि वऱ्हाड या सर्वांना एकच ठरावीक खेडवळ भाषा देते. लातूरकडचा माणूस ‘काय करायलास?’ असे विचारतो, हे त्याला आपण सांगितल्यावाचून सुचत नाही.
- शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली वाढविलेले चार असे अठरा नियम प्रमाण मानावेत. शंका आल्यास अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ जवळ ठेवावा. यंत्राने सांगितलेले ‘शुद्ध’ रूप पडताळल्याशिवाय स्वीकारू नये.
- हिंदीची छटा. वाक्याच्या शेवटी दंड, ‘च्या द्वारे’, ‘महत्त्वपूर्ण’, नुक्ता दिलेली अक्षरे, आणि ‘शिक्षा’ हा शब्द शिक्षण या अर्थी, ही चिन्हे दिसताच तो परिच्छेद पुन्हा पाहावा.

अक्षरांच्या संगणकीय रूपाविषयीही दोन शब्द. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील ‘ऱ्य’ पडद्यावर एकसारखा दिसत असला तरी संगणकात तो दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठविला जाऊ शकतो, आणि काही मजकूर आपण टाइप केलेला व काही यंत्राचा असला की शोध घेताना त्यांतील काही शब्द सापडतच नाहीत. परिणामी ‘सर्व ठिकाणी बदला’ ही आज्ञा अर्धवट पाळली जाते. ‘ॲ’ आणि ‘ऍ’ ही रूपे दिसावयास निराळी असली तरी शोधात त्यांचाही असाच घोटाळा होतो. पुस्तक मुद्रणास जाण्यापूर्वी अशा अक्षरांचे एकच रूप करून घ्यावे. प्रकाशकाचा अक्षरजुळणीकार जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरीत असेल तर रूपांतरात जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो. म्हणून अंतिम मुद्रिते यंत्राकडून न तपासता माणसाकडून अक्षर न् अक्षर तपासून घ्यावीत.

तारखा, दाखले आणि जुने कागद

यंत्राने सुचविलेला कोणताही संदर्भ, ग्रंथाचे नाव, पृष्ठांक, शासननिर्णयाचा क्रमांक किंवा कोणा थोर पुरुषाचे वचन मूळ कागद पाहिल्याशिवाय पुस्तकात घालू नये. अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि कधी न उच्चारलेली वचने यंत्र सहज तयार करते. शके व इसवी यांचे परिवर्तन स्वतः करावे : चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. मराठवाड्यातील जुन्या कागदांवर फसली सन असतो, तो शक समजून मोजला तर पाच शतकांचा फरक पडेल. मोडी कागदाचे छायाचित्र यंत्राला देऊन त्याचे वाचन प्रमाण मानणे हे तर कटाक्षाने टाळावे. त्यासाठी मोडीचा जाणकारच गाठावा.

दुसऱ्यांचे खाजगी कागद

आत्मचरित्रात इतर माणसे येतात, आणि त्यांची संमती आपण गृहीत धरलेली असते. नातेवाइकांची पत्रे, आजारपणाचे कागद, आधार क्रमांक, बँकेचे तपशील, फारकतीचे वा वाटणीचे कागद यंत्राला देऊ नयेत. नावांच्या जागी आद्याक्षरे घालून मसुदा करावा आणि खरी नावे शेवटी आपल्या फाइलीत भरावीत. आपले लेखन यंत्राच्या पुढील प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ नये असे वाटत असेल, तर प्रमुख सेवांच्या सेटिंग्जमध्ये तशी निवड करण्याची सोय असते. ती काम सुरू करण्यापूर्वी पाहावी. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते : आपल्याला आलेले पत्र आपल्या मालकीचे असले तरी त्यातील मजकुराचा हक्क पत्र लिहिणाराचा, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. संपूर्ण पत्र छापावयाचे असल्यास लेखी परवानगी घ्यावी.

आपले हक्क आणि करारनामा

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ यातील कलम २(घ) मध्ये संगणकनिर्मित साहित्यकृतीच्या बाबतीत ती निर्माण करविणारी व्यक्ती हीच तिची कर्ती होय, अशी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. आजची यंत्रे त्या वेळी नव्हती, आणि ही तरतूद त्यांना कशी लावावी याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत. म्हणून लेखनाचा मुख्य भाग आपल्या हातचा असणे हेच हक्काच्या दृष्टीनेही निर्धोक. अमेरिकेतील कॉपीराइट कार्यालय तर मानवी कर्तृत्वाच्या भागालाच संरक्षण देते आणि नोंदणीच्या वेळी यंत्रनिर्मित भाग उघड करावयास सांगते. तिकडे राहून मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

ॲमेझॉनच्या किंडल प्रकाशनसेवेवर पुस्तक स्वतः प्रसिद्ध करणार असाल, तर सप्टेंबर २०२३ पासून तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी विचारणा होते. मजकूर, चित्रे किंवा अनुवाद यंत्राने केलेला असेल तर नंतर त्यावर कितीही संस्करण केले तरी तो यंत्रनिर्मितच गणला जातो आणि तसे सांगावे लागते. आपण लिहून यंत्राकडून केवळ तपासून घेतले असेल तर ते सांगण्याचे बंधन नाही. वर सांगितलेल्या तीन मार्गांपैकी कोणता पत्करावा याचा निर्णय करताना हाही मुद्दा विचारात घ्यावा.

प्रकाशकाशी करार करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

- हक्कांचे अभिहस्तांकन लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. तेव्हा दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावेत.
- ‘हे लेखन स्वतंत्र असून कोणाच्याही हक्काचा भंग करीत नाही’ अशी हमी लेखकाकडून बहुधा घेतली जाते. यंत्राचे साहाय्य किती व कोणते घेतले हे प्रकाशकास आधी लेखी कळवावे, म्हणजे या हमीवरून पुढे हरकत निघणार नाही.
- ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि यंत्राच्या प्रशिक्षणासाठी मजकूर देणे, यांचा उल्लेख करारात आहे की नाही ते पाहावे. नसल्यास ते हक्क आपल्याकडे राखल्याचे कलम घालून घ्यावे.
- कलम ५७ अन्वये कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेस बाधा आणणाऱ्या विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार हक्क दिल्यानंतरही लेखकाकडे राहतो.

न समजलेले कलम वकिलाकडून समजावून घेऊन मगच सही करावी. आणि एवढे अवश्य करावे : मूळ टिपणे, ध्वनिमुद्रणे आणि मसुद्याच्या तारीखवार प्रती पुस्तक प्रसिद्ध झाल्यावरही नष्ट करू नयेत; लेखन आपले आहे हे दाखविण्याचा प्रसंग उद्या आलाच, तर तोच दाखला आपल्या हाती असेल.